वाचकांचे प्रश्न : वाढप्याचा पगार कोण देतो?

परदेशात उपाहारगृहात जेवल्यावर टीप किती द्यावी, द्यावी की नाही, आणि दिलेले पैसे नेमके कोणाला मिळतात, याविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रांतला मजकूर जागेअभावी थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. गेल्या वर्षी अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना एका संध्याकाळी आम्ही तिला आणि जावयांना बाहेर जेवायला नेले. जेवण बरेच उशिरा आले, म्हणून मी जेमतेम पाच टक्के टीप ठेवली. मुलगी काही न बोलता पुन्हा आत गेली आणि आणखी पैसे ठेवून आली. घरी पोहोचेपर्यंत ती गप्पच होती. सेवा आवडली तर जास्त द्यावे आणि नाही आवडली तर कमी, हाच टीपचा अर्थ नाही का?

उत्तर : शब्दाचा अर्थ आपण म्हणता तोच आहे, परंतु अमेरिकेत त्या शब्दाखाली जे दिले जाते, त्याचा मोठा भाग वाढप्याचा पगार असतो, आणि आपली कन्या अवघडली ती त्यामुळे. तेथील संघराज्याच्या कायद्याने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. मात्र ज्या कामगाराला नियमितपणे महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टीप मिळते, त्याला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालते, आणि हा २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर ग्राहक देतील, असे कायदा गृहीत धरतो. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरून द्यावा अशी तरतूद आहे खरी; पण तो हिशेब आठवड्याभराचा असतो, आणि तो मागायचा त्या वाढप्याने, ज्याला पुढच्या आठवड्यात कोणत्या पाळ्या मिळणार हे तोच मालक ठरवत असतो.

सर्व राज्यांत स्थिती सारखी नाही, हेही सांगितले पाहिजे. अनेक राज्यांनी स्वतःचे दर वर नेले आहेत, आणि अलास्का, कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मोंटाना, नेवाडा, ओरेगन व वॉशिंग्टन या सात राज्यांत मालकांना ही सवलतच नाही. तेथे वाढप्याला टीप वगळून राज्याचे पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. ग्राहकांची सवय मात्र तेथेही तीच राहिली आहे.

बाहेरून न दिसणारी आणखी एक बाब आहे. वाढपी आपल्या टीपमधला काही वाटा टेबले आवरणाऱ्या मुलांना, पेये बनवणाऱ्याला आणि दाराशी उभे राहून जागा दाखवणाऱ्या व्यक्तीला देतो, आणि पुष्कळ ठिकाणी हा वाटा मिळालेल्या टीपवर ठरत नाही, तर त्या वाढप्याच्या टेबलांवर दिवसभरात झालेल्या विक्रीवर ठरतो. त्यामुळे साठ डॉलरच्या जेवणावर आपण तीन डॉलर ठेवता, तेव्हा साठ डॉलरच्या विक्रीचा वाटा त्याला त्या तिनांतूनच काढून द्यावा लागतो. जेवण उशिरा येण्याचे कारण बहुतेक वेळा भटारखान्यात असते, आणि दंड भरतो तो मात्र ताटे घेऊन येणारा. सेवेत खरोखर चूक झाली असेल तर व्यवस्थापकाला बोलावून सांगावे. अमेरिकेत यात कोणाला वावगे वाटत नाही, आणि पुष्कळदा बिलातून एखादा पदार्थ वगळलाही जातो.

आपण विचारले नाही, तरी आकडा सांगून ठेवतो. बसून, वाढप्याच्या हातून वाढून घेतलेल्या जेवणावर कर लावण्यापूर्वीच्या रकमेच्या १५ ते २० टक्के देण्याची रीत आहे आणि मोठ्या शहरांत लोक २० च्या बाजूला असतात. म्हणजे साठ डॉलरवर नऊ ते बारा. सहा किंवा अधिक माणसे असली तर काही उपाहारगृहे ही रक्कम बिलातच धरतात, तेव्हा वर आणखी देण्याआधी बिल नीट वाचावे. खिडकीवरून कॉफी विकत घेताना समोरच्या पडद्यावर १८, २०, २५ टक्क्यांची बटणे उमटतात, ती मात्र केवळ विनंती असते. तेथे ‘टीप नाही’ हे बटण दाबताना संकोच वाटून घेण्याचे काहीच कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : जो देश समतेचा एवढा उच्चार करतो, तेथेच ग्राहकाने वाढप्याला पोसावे ही पद्धत कशी रुजली?

उत्तर : आपल्याला पडलेला हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकनांनाही पडला होता. टीप ही मुळात युरोपातील सरंजामी घरांतली चाल. इंग्लंडमध्ये मोठ्या घरी मुक्कामाला आलेला पाहुणा निघताना यजमानाच्या नोकरांच्या हातावर पैसे ठेवी. एकोणिसाव्या शतकात युरोप पाहून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी ती चाल आपल्यासोबत नेली, तेव्हा तिच्यावर मोठी टीका झाली. स्वतंत्र नागरिकाने दुसऱ्या नागरिकापुढे हात पसरावा आणि त्याने त्यावर नाणे ठेवावे, हे लोकशाहीला शोभत नाही, असे म्हणणारे पुष्कळ होते. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीपवर कायद्याने बंदी घातली; पुढील दहा वर्षांत मिसिसिपी, आर्कान्सास, आयोवा, टेनेसी, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या राज्यांनीही तसे कायदे केले. ते पाळले गेले नाहीत, आणि १९२६ पर्यंत सर्वच्या सर्व मागे घेतले गेले.

बंदी का टिकली नाही, याचे उत्तर मला नैतिकतेपेक्षा पगाराच्या वहीत अधिक दिसते. यादवी युद्धानंतर गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना जी थोडी कामे उघडी होती, त्यांत वाढप्याचे आणि रेल्वेतील सेवकाचे काम होते. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या पुलमन कंपनीने आपल्या शयनयानांत सेवक म्हणून मुख्यतः कृष्णवर्णीय पुरुष नेमले, त्यांना अगदी तुटपुंजा पगार दिला, आणि उरलेले प्रवाशांच्या खिशातून येईल असा हिशेब ठेवला. ज्याच्या हातात टीप पडते त्याला प्रत्येक प्रवाशापुढे हसतमुख राहावे लागते, मग तो प्रवासी कसाही वागो. या सेवकांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ मध्ये संघटना उभारली, आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७ साल उजाडले.

त्यानंतरच्याच वर्षी, १९३८ मध्ये, किमान वेतनाचा राष्ट्रीय कायदा झाला. पण हॉटेले आणि उपाहारगृहे यांतील बहुतेक कामगार त्याच्या बाहेरच राहिले. १९६६ च्या दुरुस्तीने त्यांना आत घेतले, आणि त्याच दुरुस्तीने टीप ही वेतनाचा भाग मानण्याची मुभा मालकांना दिली. आरंभी हा भाग किमान वेतनाच्या निम्म्यापर्यंत होता. नव्वदच्या दशकात कायद्याने वाढप्याचा रोख दर २.१३ वर गोठवला, किमान वेतन मात्र वाढत गेले, आणि ग्राहकाच्या माथी पडणारा वाटा दर वाढीबरोबर मोठा होत गेला. समतेचा उच्चार करणाऱ्या देशात ही पद्धत कशी रुजली, याचा उलगडा मला तरी या कालक्रमातच होतो.

प्रश्न : कामानिमित्त टोकियोला गेलेल्या माझ्या मुलाने जेवणानंतर टेबलावर काही नाणी ठेवली. वाढपी मुलगी रस्त्यापर्यंत धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी ती नाणी परत केली. त्याच्या हातून तिचा अपमान झाला का? आणि पैसे द्यायचे नाहीत, तर आभार कसे मानावेत?

उत्तर : अपमान झाला असे मी म्हणणार नाही. तिच्या दृष्टीने ग्राहक पैसे विसरून गेला होता, आणि विसरलेली वस्तू मालकाच्या हाती पोहोचवणे हे तिचे काम होते. जपानमध्ये जेवणाच्या किमतीतच सेवा धरलेली असते. बहुतेक ठिकाणी बिल टेबलावर न देता दाराजवळच्या गल्ल्यावर चुकते करायचे असते, आणि तेथेही पैसे हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवतात. अशा व्यवस्थेत टेबलावर राहिलेल्या नाण्याला जागाच नसते. पाहुण्याला काय हवे ते त्याने सांगण्यापूर्वी ओळखावे, या वृत्तीला तेथे ‘ओमोतेनाशी’ म्हणतात, आणि तिच्यावर वेगळे मोल लावणे म्हणजे ती पैशासाठी केली असे सुचवणे होते, अशी भावना या रीतीमागे आहे.

आभार मानण्याचा मार्ग शब्दांचा आहे. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’ असे म्हणावे. आपण आमच्या जेवणासाठी घेतलेल्या कष्टांबद्दल ऋणी आहोत, असा त्याचा भाव आहे, आणि तो आचाऱ्यापासून गल्ल्यावरच्या माणसापर्यंत सर्वांना पोहोचतो.

एक अपवाद आहे. ‘र्‍योकान’ या पारंपरिक निवासगृहात, जेथे एकच सेविका खोलीत जेवण वाढते आणि अंथरूण घालते, तेथे ‘कोकोरोझुके’ देण्याची जुनी चाल आहे. कोऱ्या नोटा लहान पाकिटात घालून, शक्यतो पोहोचल्यावरच, दोन्ही हातांनी द्यायच्या. उघडे पैसे द्यायचे नाहीत. काम होण्यापूर्वीच दिल्यामुळे ते कामाचे मोल ठरत नाहीत, आणि मला ही बारीक दृष्टी फार मोलाची वाटते. ती चालही आता मागे पडते आहे, आणि परदेशी पाहुण्याकडून तिची अपेक्षा नसते. तसेच ‘इझाकाया’ या पेयगृहात न मागता एक छोटा पदार्थ समोर येतो आणि बिलात त्याची रक्कम दिसते, तेव्हा फसवणूक झाली असे समजू नये. त्याला ‘ओतोशी’ म्हणतात आणि ते बैठकीचे शुल्क असते.

प्रश्न : लंडनमध्ये बिलाच्या तळाशी साडेबारा टक्के सेवाशुल्क लावलेले होते. ते देणे बंधनकारक होते का, आणि ते खरोखर वाढप्याला मिळते का? सिंगापूरमध्येही असेच काहीसे पाहिले.

उत्तर : लंडनमध्ये १२.५ टक्के ही रक्कम आता जवळजवळ रूढच झाली आहे, आणि तिच्यापुढे ‘ऐच्छिक’ असे छापलेले असेल तर ती काढून टाकण्यास सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ती दिली असेल तर वर आणखी टीप ठेवण्याची गरज नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २००९ पासून टीप किमान वेतनात मोजता येत नाही, म्हणून तेथील वाढप्याची स्थिती अमेरिकेतल्यासारखी नाही.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कार्डावरून किंवा सेवाशुल्कातून आलेली रक्कम मालकाच्या खात्यात जमा होत असे, आणि तिचा काही भाग, कधी कधी मोठा भाग, तो ठेवून घेऊ शके. ग्राहकाची मात्र आपण त्या हसऱ्या मुलाला पैसे दिले अशी समजूत असे. यावर अनेक वर्षे तक्रारी झाल्या, तेव्हा २०२३ मध्ये कायदा झाला आणि तो १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. आता टीप आणि सेवाशुल्क यांची सर्व रक्कम कर वगळता काहीही न कापता कामगारांना दिली पाहिजे, वाटणी न्याय्य असली पाहिजे, वाटणीचे धोरण लेखी असले पाहिजे, आणि तिची नोंद तीन वर्षे जपली पाहिजे. यात भटारखान्यातील माणसांनाही वाटा देता येतो, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते, कारण भांडी घासणाऱ्याला कोणी टेबलावर बोलावून शाबासकी देत नाही.

सिंगापूरमध्ये किमतीच्या पुढे दोन अधिकचिन्हे दिसतात. पहिले दहा टक्के सेवाशुल्काचे, दुसरे त्या बेरजेवर लागणाऱ्या कराचे. कराचा दर २०२४ पासून ९ टक्के आहे, म्हणजे शंभराचे जेवण अखेरीस ११९.९० ला पडते. हे सेवाशुल्क ऐच्छिक नसते, आणि नावात ‘सेवा’ असली तरी ते वाढप्याच्या हाती जाईलच असे नाही. ते उपाहारगृहाचे उत्पन्न असते. तेथे वेगळी टीप कोणी अपेक्षीत नाही.

फ्रान्सने हा गुंता बराच आधी सोडवला. तेथे खाद्यपदार्थांच्या यादीतील किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरणे बंधनकारक आहे. जे छापले आहे तेच द्यायचे. जेवण मनापासून आवडले तर लोक एखाददुसरे नाणे ठेवतात, आणि तेथे ते खरोखर बक्षीस असते. इटलीत बिलावर ‘कोपेर्तो’ दिसला तर तो माणशी बैठकीचा आणि पावाचा आकार असतो, टीप नव्हे.

प्रश्न : ‘टीप’ हा शब्द ‘तत्परतेची हमी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे, आणि ‘देणे, हाती सरकवणे’ या अर्थाने हा शब्द इंग्लंडमधील चोरांच्या बोलीत सतराव्या शतकात वापरात होता. मला अधिक रस आहे तो इतर भाषांत. फ्रेंच ‘पूर्ब्वार’ म्हणजे पिण्यासाठी; जर्मन ‘ट्रिंकगेल्ट’ म्हणजे पिण्याचे पैसे; स्वीडिश ‘द्रिक्स’ आणि पोलिश ‘नापिवेक’ यांतही पिणेच आहे; स्पॅनिश ‘प्रोपिना’च्या मुळाशी दुसऱ्याच्या नावाने पेला उचलणे आहे; आणि रशियन माणूस ‘चहासाठी’ पैसे देतो. इतक्या समाजांनी या पैशाला घोटभर पेयाचे नाव दिले, यावरून तो कधीकाळी किती किरकोळ होता ते कळते. इजिप्तमध्ये जे ‘बक्शीश’ म्हणून ऐकू येते, ते फारसीतून गेलेले आहे, आणि आपले ‘बक्षीस’ही त्याच फारसी शब्दाचे रूप आहे.

प्रश्न : मी हॉटेल व्यवस्थापनाचा विद्यार्थी आहे. टीपमुळे सेवा सुधारते असे आम्हाला शिकवले जाते. आपले मत काय?

उत्तर : माझे मत आपल्या पाठ्यक्रमाशी जुळणारे नाही. कॉर्नेल विद्यापीठातील मायकेल लिन यांनी या विषयावर अनेक वर्षे संशोधन केले आहे, आणि त्यांच्या अभ्यासांतून दिसते ते असे, की टीपची रक्कम बिलाच्या रकमेने बहुतांशी ठरते आणि सेवेच्या दर्जाशी तिचा संबंध अगदी थोडा असतो. बहुतेक माणसे सवयीचा टक्का लावतात आणि उठतात. उलट भलत्याच गोष्टींचा परिणाम होतो. वाढप्याने टेबलाजवळ उकिडवे बसून डोळ्यांच्या पातळीवर बोलावे, उरलेले पैसे परत देताना खांद्याला क्षणभर स्पर्श करावा, किंवा ग्राहकाने सांगितलेले पदार्थ त्याच्याच शब्दांत पुन्हा म्हणावेत, एवढ्याने टीप वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. यांपेक्षा गंभीर असे, की सेवा सारखीच असतानाही कृष्णवर्णीय वाढप्यांना गौरवर्णीयांपेक्षा कमी टीप मिळाल्याचे अमेरिकेतील अभ्यासात दिसले आहे. कोणत्याही मालकाने उघडपणे असा पगार दिला, तर तो गुन्हा ठरेल. तोच भेद हजारो ग्राहकांच्या हातून झाला की त्याला रूढी म्हणतात. आणि जपानी सेवेची ख्याती जगभर आहे, ती टीपविना.

मग टीप बंद का करत नाहीत, असे आपण विचाराल. प्रयत्न झाले आहेत. न्यूयॉर्कमधील उपाहारगृहचालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या समूहात टीप टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. त्यांचा हेतू प्रामाणिक होता : वाढप्यांची कमाई वर्षानुवर्षे वाढत होती, आणि न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे टीपमध्ये वाटा घेता न येणारे आचारी मागे पडत होते. यादीतील किमती वाढवल्या, पगार वाढवले. परंतु शेजारच्या उपाहारगृहाच्या यादीत किंमत कमी दिसते आणि टीप शेवटी लावायची असते, तेव्हा ग्राहकाला हीच जागा महाग वाटते. आणि ज्यांना टीपमधून जास्त मिळू शकत होते, असे अनुभवी वाढपी इतरत्र गेले. २०२० मध्ये त्यांनी टीप पुन्हा सुरू केली. एकट्या मालकाला ही पद्धत मोडता येत नाही. फ्रान्स व ब्रिटन येथे जे झाले ते सर्वांना एकाच वेळी लागू होणाऱ्या कायद्याने झाले. आपण या व्यवसायात शिरत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो : पगार किमतीतच धरला जावा, यासाठी व्यवसायाच्या आतूनच आवाज उठला पाहिजे.

प्रश्न : पुढील महिन्यात जर्मनीला जात आहे. तेथे टीप टेबलावर ठेवावी की कार्डावर द्यावी?

उत्तर : दोन्ही नको. जर्मनीत वाढपी स्वतः बिल घेऊन टेबलाशी येतो आणि पैसे घेईपर्यंत उभा राहतो. त्याच क्षणी आपल्याला किती द्यायचे आहेत ती पूर्ण रक्कम तोंडी सांगायची असते. बिल ५६ युरोचे असेल तर ‘साठ’ म्हणावे, म्हणजे तो चार युरो ठेवून उरलेले परत करतो. रक्कम बरोबर दिली आणि परत काही नको असेल, तर ‘श्टिम्ट झो’ म्हणावे. कार्डाने देतानाही आकडा यंत्रात घालण्यापूर्वीच सांगावा. पाच ते दहा टक्के, वरच्या पूर्ण आकड्यापर्यंत, एवढे पुरते. ‘धन्यवाद’ म्हणताना मात्र सावध असावे : मोठी नोट देताना ‘डांके’ म्हटले, तर उरलेले तुम्हीच ठेवा असा त्याचा अर्थ घेतला जाऊ शकतो.